रट्ट्याविना वळण

"गुरुजी, ऐकत नसला तर दोन रट्टे द्या, पण पोरगं वळणावर आणा." जूनमध्ये लेकराला पहिलीत बसवायला आलेला बाप मराठवाड्यात आजही असं सांगून जातो. त्याच्या बोलण्यात माया असते आणि शाळेवरचा विश्वासही असतो. लेकरानं नीट बसावं, नीट बोलावं, दुसऱ्याला मारू नये ही त्याची अपेक्षा रास्त आहे. त्यानं सुचवलेल्या उपायानं मात्र ती पुरी होत नाही. रट्टा बसलेलं मूल तेवढ्यापुरतं गप्प होतं. पुढच्या वेळी त्याच प्रसंगात काय करायचं, हे त्याला कळलेलं नसतं. कळतं ते एवढंच, की गुरुजी बघत असताना करायचं नाही.

कायद्यानं हा उपाय बंद केला, त्यालाही बराच काळ लोटला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येत नाही. करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होते. म्हणजे छडी गेली, तसंच अंगठे धरायला लावणं, उठाबशा आणि सगळ्यांसमोर लाज काढणंही गेलं. मुलाला भीती आणि दडपणापासून मुक्त ठेवावं, असं याच कायद्याचं कलम २९ सांगतं. पण काय करायचं नाही हे सांगून कायदा थांबतो. त्या जागी रोज काय करायचं, ते शाळेलाच उभं करावं लागतं. धाराशिव जिल्ह्यातल्या साध्या जिल्हा परिषद शाळेत ते कसं उभं करता येतं, हे टप्प्याटप्प्यानं पाहू.

आधी शाळा समजून घेऊ

पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असेल तर शाळेला दोन शिक्षक, असं शिक्षण हक्क कायद्याचं प्रमाण आहे. वाडी-वस्तीवरच्या कितीतरी शाळा याच मापाच्या आहेत. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. बाई पहिलीला अक्षर गिरवून दाखवतात तेव्हा दुसरी आपापली असते. मुख्याध्यापक केंद्रशाळेत बैठकीला गेले, की दोन्ही खोल्या एकाच शिक्षकाच्या गळ्यात पडतात. अशा शाळेत वर्गाला स्वतःहून वागता येणं ही शोभेची गोष्ट राहत नाही. ते जमलं नाही, तर शिकवायला वेळच उरत नाही.

त्यात जिल्ह्याची आणखी काही वैशिष्ट्यं आहेत. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलं कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुलं हंगामी वसतिगृहाच्या आधारानं, आजी-आजोबांजवळ गावातच राहतात. तुळजापूर, लोहारा, उमरगा भागातल्या तांड्यांवरून येणारी मुलं घरी गोरमाटी बोलतात, तर कर्नाटकच्या सीमेलगत काही घरांत कन्नड चालते. पहिलीतलं असं मूल सूचना ऐकूनही हललं नाही, तर ते हट्टी आहे असं लगेच ठरवू नये. त्याला सूचना समजलेलीच नसण्याची शक्यता मोठी आहे.

पहिला टप्पा : नियम थोडे, आणि करायच्या गोष्टी सांगणारे

बहुतेक शाळांच्या भिंतीवर नियमांचा तक्ता असतो. त्यात दहा-बारा नियम असतात आणि बरेचसे "नये" नं संपतात : दंगा करू नये, पळू नये, कचरा टाकू नये. सात वर्षांच्या मुलाला या यादीचा उपयोग होत नाही. पळायचं नाही हे कळलं, तरी दारातून बाहेर पडायचं कसं, हे कळत नाही.

म्हणून तीन किंवा चारच नियम घ्यावेत आणि ते करायच्या गोष्टींच्या भाषेत मांडावेत. उदाहरणार्थ : एक जण बोलताना बाकीचे ऐकू. हात-पाय आपल्यापाशी ठेवू. वस्तू वापरली की जागेवर ठेवू. अडलं तर विचारू. पाहून सांगता येईल अशीच गोष्ट नियमात असावी. "शिस्त पाळू" हे पाहता येत नाही. "चपला ओळीत लावू" हे कोणालाही पाहता येतं.

हे नियम मुलांकडून काढून घेतले तर अधिक टिकतात. मराठवाड्यातच याचा मोठा प्रयोग झाला आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे लातूर-उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) सीमेवर भूकंप झाला, तेव्हा शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. पुढे मुथ्था यांच्याच फाउंडेशननं २००९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ५०० जिल्हा परिषद शाळांमध्ये 'मूल्यवर्धन' हा कार्यक्रम सुरू केला. नंतर राज्य सरकारच्या सहकार्यानं तो इतर जिल्ह्यांतही पोचला. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही संविधानातली मूल्यं पाठांतरानं न देता जोडीतली चर्चा, गटातलं काम आणि खेळ यांतून रुजवायची, ही त्यामागची कल्पना. परिपाठाला रोज म्हटली जाणारी उद्देशिका वर्गात जगायची कशी, याचं उत्तर त्यात आहे.

वर्गात हे असं करता येतं. "आपल्या वर्गात तुम्हाला कधी वाईट वाटतं?" असं मुलांना विचारावं. दोघादोघांनी आधी आपसात बोलावं, मग वर्गाला सांगावं. कोणी सांगेल, पेन्सिल न विचारता घेतात. कोणी सांगेल, नावावरून चिडवतात. ही उत्तरं फळ्यावर लिहून "मग आपण काय ठरवू या?" असं विचारलं, की नियम तिथेच तयार होतात. शिक्षकानं फक्त त्यांचे शब्द सोपे करावेत, त्यांना "नये" मधून बाहेर काढावं आणि संख्या आवरती ठेवावी.

दुसरा टप्पा : करून दाखवणं आणि सराव

नियम लिहून झाले म्हणजे काम झालं, असं वाटण्याचा मोह मोठा असतो. अमेरिकेत मॅडसन, बेकर आणि थॉमस या संशोधकांनी १९६८ मध्ये प्राथमिक वर्गांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुसते नियम सांगून मुलांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही. शिक्षकांनी चांगल्या वागण्याची जागच्या जागी दखल घ्यायला आणि किरकोळ खोड्यांकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली, तेव्हा मात्र स्पष्ट बदल दिसला.

म्हणून नियमाला सरावाची जोड हवी. शाळेच्या दिवसात गडबडीच्या जागा ठरलेल्या असतात : सकाळी सतरंज्या अंथरणं, परिपाठाला रांग, हात धुण्याचा नळ, पोषण आहाराचं वाढप, मधल्या सुट्टीनंतर वर्गात परतणं आणि शेवटची घंटा. या सहा वेळा सांभाळल्या, तर दिवसभरातली बरीच भांडणं मुळातच होत नाहीत.

जेवणाची वेळ घेऊ. पन्नास मुलं, एक नळ, एक पातेलं आणि भूक. इथे ढकलाढकली होणारच. म्हणून या वेळेचे तुकडे पाडावेत. आधी पहिलीची मुलं ताटं घेऊन नळावर जातील. दुसरी तोवर जागेवर बसेल. नळापाशी खडूनं किंवा रंगानं पावलांच्या खुणा काढाव्यात, म्हणजे कुठं उभं राहायचं हे डोळ्यांना दिसतं. हात धुतलेलं मूल दुसऱ्या बाजूनं परत येईल, म्हणजे येणारे आणि जाणारे एकमेकांवर आदळणार नाहीत. पातेल्यापाशी ताट दोन्ही हातांनी पुढं धरायचं, कमी हवं असेल तर "थोडं" म्हणायचं. सगळ्यांचं वाढून झाल्यावर जेवायला सुरुवात.

हे सगळं पहिल्या दिवशी रिकाम्या ताटांनी करून पाहावं. आधी शिक्षकानं स्वतः ताट घेऊन चालून दाखवावं. मग चौथीतल्या दोन मुलांनी दाखवावं. मग सगळ्यांनी. चुकलं तर न रागावता "पुन्हा एकदा करून बघू" म्हणावं. जूनमधले पहिले दोन आठवडे या सरावासाठी मोकळ्या मनानं द्यावेत. पाठ्यक्रम मागं पडेल ही भीती साहजिक आहे, पण रोज दहा-दहा मिनिटं आरडाओरड्यात गेली तर वर्षभरात त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांसाठी या सरावात शब्दांपेक्षा खुणांवर भर असावा. हात वर केला की शांत व्हायचं, ठरलेली टाळी वाजली की तोच ताल धरून शिक्षकाकडं पाहायचं. "बसा", "ऐका", "थांबा" हे शब्द गोरमाटीत किंवा कन्नडमध्ये काय आहेत, हे शिक्षकानं मुलांनाच विचारून शिकून घ्यावं. आपली भाषा शाळेत चालते हे कळल्यावर मुलाची भीती ओसरते.

तिसरा टप्पा : दखल घेणं

वर्गात चाळीस मुलं नीट बसलेली असतात आणि दोघं मस्ती करत असतात. नाव घेतलं जातं ते त्या दोघांचं. सहा-सात वर्षांच्या मुलाला बाईंनी आपल्याकडं पाहावं असं फार वाटत असतं. मस्ती केल्यावरच बाई पाहतात, हे गणित ते लवकर मांडतं.

हे उलटं करायचं असेल तर चांगलं वागणं घडत असताना ते बोलून दाखवावं. "शाब्बास" किंवा "छान" एवढ्यानं भागत नाही. काय छान केलं तेही सांगावं. "तू खाली पडलेला खडू न सांगता उचललास." "तुमच्या गटात भांडण होणार होतं, तुम्ही पाळीपाळीनं बोलायचं ठरवलंत." अशा वाक्यानं करणाऱ्याला आपलं नेमकं काय बरोबर झालं ते कळतं, आणि ऐकणाऱ्यांनाही.

यात तीन पथ्यं पाळावीत. पहिलं, एकाचं कौतुक दुसऱ्याला टोचण्यासाठी वापरू नये, "बघ, ती कशी बसली आहे, आणि तू?" हे कौतुक दोघांनाही नकोसं होतं. दुसरं, कौतुक खरं असावं. मुलांना खोटं लगेच कळतं. तिसरं, लाजाळू मुलाला सगळ्यांसमोर उभं करण्याऐवजी जवळ जाऊन हळू सांगावं. रोज ठरावीक मुलांचीच नावं तोंडी येतात का, हे पाहायला हजेरीच्या यादीशेजारी एक बारीक टिंब देत जावं. आठवड्याच्या शेवटी कोणाच्या नावापुढं टिंबच नाही, ते दिसतं. सोमवारी त्या मुलावर लक्ष ठेवायचं.

बक्षिसांचं काय?

चांदण्या, ठसे, 'आजचा आदर्श विद्यार्थी' असे फलक आता अनेक वर्गांत दिसतात. त्यांचा वापर जपून करावा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याबाबत शिकवून जातो. चित्र काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना "चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल" असं आधी सांगितलं गेलं. काही दिवसांनी ती मुलं मोकळ्या वेळात रंगपेनांकडं कमी वळली. बक्षिसाची बोली न झालेल्या मुलांच्या तुलनेत त्यांनी जवळजवळ निम्माच वेळ चित्रात घालवला. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांचं असं झालं नाही. म्हणजे मूल जे आनंदानं करतं त्याला आधीच किंमत चिकटवली, तर आनंद आटतो.

तरीही काही वेळा वर्गाला सुरुवातीचा रेटा लागतो. त्यासाठी एकट्या मुलाऐवजी गटाला मिळणारं, फुकटचं बक्षीस बरं : दहा मिनिटं जास्त खेळ, आवडीची गोष्ट, झाडाखाली भरणारा वर्ग. अशा गटखेळाची एक जुनी, कसोटीला उतरलेली रीत आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात चौथीच्या वर्गात ती प्रथम वापरली गेली आणि १९६९ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्गाचे दोन गट करायचे, दोन-तीन नियम स्पष्ट सांगायचे आणि ठरलेल्या वेळेत नियम मोडला गेला की त्या गटापुढं फळ्यावर एक खूण करायची. खुणा ठरलेल्या संख्येच्या आत राहिल्या तर गट जिंकतो. दोन्ही गट जिंकू शकतात. पुढे बाल्टिमोरच्या शाळांत पहिलीच्या वर्गांत हा खेळ वापरला गेला आणि त्या मुलांचा तरुण वयापर्यंत मागोवा घेतला गेला. लहानपणी आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये पुढं व्यसनाचं प्रमाण कमी आढळलं.

आपल्या बहुवर्ग खोलीत हा खेळ दुसरीच्या स्वाध्यायाच्या वेळी, रोज पंधरा मिनिटं खेळता येतो. खुणेबरोबर कोणाचं नाव घेऊ नये. एकाच मुलामुळे गट सारखा हरू लागला आणि बाकीची मुलं त्याच्यावर चिडू लागली, तर खेळ तिथेच थांबवावा. त्या मुलाला वेगळ्या मदतीची गरज आहे.

चुकल्यावर काय करायचं

तेरच्या गोरोबाकाकांची आख्यायिका या जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मडकी तपासायच्या थापटण्यानं त्यांनी जमलेल्या संतांची डोकी थापटून पाहिली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं. नामदेवांना ते फार लागलं. पण ते पक्के झाले ते पुढं विसोबा खेचरांकडं गेल्यावर, त्यांच्याकडून शिकल्यावर. कच्चं कोण हे थापटण्यानं कळतं. पक्कं व्हायला गुरूजवळ बसावं लागतं. शाळेत चूक झाल्यावर हाच फरक ध्यानात ठेवायचा असतो.

कामाचा क्रम साधा आहे. किरकोळ गोष्ट, म्हणजे चुळबुळ किंवा एखादी कुजबुज, सोडून द्यावी आणि शेजारी नीट काम करणाऱ्याची दखल घ्यावी. तेवढ्यानं भागलं नाही तर शिकवणं न थांबवता त्या मुलाजवळ जाऊन उभं राहावं. मग हळू आवाजात, फक्त त्याला ऐकू जाईल असं, काय करायचं ते सांगावं : "वही उघड, तिसरं गणित सोडव." त्यानंतरही चालू राहिलं तर दोन पर्याय द्यावेत : "इथं बसून करतोस की माझ्या टेबलाजवळ?" आवाज चढवला, की सगळा वर्ग प्रेक्षक होतो आणि मूल माघार घेऊ शकत नाही.

भांडण किंवा मारामारी झाली तर आधी दोघांना वेगळं करून शांत होऊ द्यावं. रागात असलेल्या मुलाला समजावण्यात अर्थ नसतो. पाच-दहा मिनिटांनी दोघांशी आळीपाळीनं बोलावं आणि चारच प्रश्न विचारावेत : काय झालं? तेव्हा तुला काय वाटलं? त्याला काय वाटलं असेल? आता नीट कसं करायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कृतीत यायला हवं. सांडलं असेल तर पुसायचं, फाडलं असेल तर चिकटवायचं, चिडवलं असेल तर त्याच्याशी जाऊन बोलायचं. जबरदस्तीनं वदवलेल्या "सॉरी" पेक्षा अशी भरपाई मुलाला अधिक शिकवते. जेवण, खेळाचा तास किंवा पाणी पिणं मात्र शिक्षा म्हणून कधीही रोखू नये.

पुन्हा पुन्हा बिघडणारं मूल

प्रत्येक वर्गात एक-दोन मुलं अशी असतात, की वरचं सगळं करूनही त्यांचं वागणं सुधारत नाही. त्यांच्यासाठी छोटी वही ठेवावी आणि दोन आठवडे चार गोष्टी टिपाव्यात : कधी झालं, कुठं झालं, त्याआधी काय घडलं, त्यानंतर काय घडलं. बहुधा एक नमुना उमटतो. कोणाचं बिनसणं वाचनाच्या तासालाच होतं, कारण वाचता येत नाही हे लपवायचं असतं. कोणी जेवणाआधी चिडतं, कारण सकाळी घरून उपाशी आलेलं असतं. कोणी फळ्याकडं पाहण्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं, कारण त्याला फळा दिसत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा अशा मुलाचं नाव आधीच काढून ठेवावं. डोळे आणि कान नीट तपासून घ्यावेत. शिकण्यात वेगळी अडचण दिसली तर तालुक्याच्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना कळवावं.

फडावरून परतलेलं मूल हा आपल्याकडचा वेगळा विषय आहे. कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, भावंडं सांभाळणारं, पाणी आणणारं, मोठ्यांसारखं जगलेलं मूल उन्हाळ्याच्या तोंडाशी वर्गात बसतं, तेव्हा अभ्यास मागं पडलेला असतो आणि सवंगडी पुढं गेलेले असतात. त्याची लाज ते मस्तीत लपवतं. अशा मुलासाठी पहिल्या आठवड्यात नियमांचा सराव पुन्हा घ्यावा, एक जोडीदार ठरवून द्यावा आणि त्याला जमणारं खरं काम सोपवावं. धाकट्यांना सांभाळणं त्याला उत्तम येतं; पहिलीच्या मुलांचे हात धुवून घेणं त्याच्याकडं द्यावं. गावात आजीजवळ राहिलेल्या मुलाला संध्याकाळी आईबापाची आठवण येते. त्याच्याशी रोज दोन मिनिटं, अभ्यास सोडून, बोलावं.

घर आणि गाव

पालकांना शाळेतून बोलावणं येतं ते बहुधा तक्रारीसाठी. त्यामुळं बोलावणं म्हटलं की घरी आधी मार बसतो. ही साखळी तोडायला पहिली भेट चांगल्या बातमीची असावी. रस्त्यात भेटलेल्या आईला "तुमच्या पोरीनं आज पहिलीच्या मुलाला वाचून दाखवलं" एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. पुढं कधी अडचण सांगायची वेळ आली, तर तीच आई शाळेच्या बाजूनं उभी राहते.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. समितीच्या बैठकीत इमारत आणि निधीबरोबर वर्गाचे नियमही मांडावेत. मारण्याऐवजी शाळा काय करते, हे पालकांनी एकदा जेवणाच्या वेळी येऊन पाहावं. प्रगतिपत्रकातल्या वर्णनात्मक नोंदीही या कामी येतात. "वर्तन समाधानकारक" या नोंदीतून काहीच कळत नाही. "गटात काम करताना दुसऱ्याचं ऐकून घेते" यातून घराला काहीतरी हाती लागतं.

टिकवायचं कसं

एका महिन्यानं दोन्ही शिक्षकांनी बसून तीनच गोष्टी पाहाव्यात. सहा गडबडीच्या वेळांपैकी कोणती अजून बिघडते? कोणतं मूल अजून एकटं पडतं? आपला आवाज कधी चढतो? जी वेळ बिघडते तिचा सराव पुन्हा घ्यायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि फडावरची मुलं परतल्यावर नियम पुन्हा पहिल्यापासून शिकवायचे, कारण लहान मुलं सवय विसरतात आणि वर्गही बदललेला असतो.

दोन्ही शिक्षकांची वागण्याची रीत एक असणं महत्त्वाचं आहे. एका खोलीत चालतं ते दुसऱ्या खोलीत चालत नाही असं झालं, की मुलं नियमाऐवजी माणूस ओळखायला शिकतात. म्हणून ठरलेलं सगळं एका पानावर लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावं : नियम, खुणा, जेवणाची पद्धत, भांडणानंतरचे चार प्रश्न. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतच असतात, आणि एका चांगल्या शिक्षकाबरोबर शाळेचं वळणही निघून गेलं तर ते त्या मुलांवर अन्यायाचं ठरेल. नवे गुरुजी रुजू होतील तेव्हा ते पान त्यांना मिळावं. आणि जूनमध्ये पहिलीत आलेल्या मुलाला नळावर कसं उभं राहायचं हे चौथीतल्या मुलीनं शिकवावं. ज्या शाळेत मोठी मुलं धाकट्यांना हे शिकवू लागतात, तिथं बापानं सांगितलेल्या दोन रट्ट्यांची कोणालाच गरज उरत नाही.